नंबर एकची साडेसाती, म्हणे!

गेल्या रविवारी भाच्याचा मेसेज आला. "मामा, हजार डॉलर उसने मिळतील का? जानेवारीत अकराशे करून देतो." पोरगा कोलंबसला एमएस करतोय, शहाणा आहे, आजवर माझ्याकडे कधी पैसे मागितले नव्हते. कशाला हवेत म्हणून विचारलं तर त्याने एक फॉरवर्ड पाठवला. तोच, जो आमच्या मंडळाच्या ग्रुपवर दोनदा आणि ऑफिसातून एकदा येऊन गेला होता. तेव्हा मी वाचून सोडून दिला होता. आता घरातलाच मुलगा त्याच्या नादाला लागलाय म्हटल्यावर गप्प बसवेना.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा मोसम सुरू होण्याआधी असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी, पंचवीस संघांची यादी काढते, मग ती दर आठवड्याला बदलत जाते. मोसमाआधीच्या यादीत पहिलं येणं हा शाप आहे. ७६ वर्षांत फक्त ११ वेळा पहिला संघ शेवटीही पहिला राहिला, आणि गेल्या आठ वर्षांत तर एकदाही नाही. विजेता कायम भलताच निघतो, इंडियाना बघा. यादी टीव्हीवाले बंद दाराआड ठरवतात. पुढचं सगळं या यादीवरच अवलंबून असतं. तेव्हा यंदा जो कोणी पहिला येईल त्याच्या विरोधात डोळे मिटून पैसे लावा.

यादी कायम चुकते आणि सगळं यादीवरच ठरतं, ही दोन वाक्यं एकाच मेसेजात सुखाने नांदतायत. लिहिणाऱ्याला नाही तर नाही, पुढे ढकलणाऱ्या एकालाही ते खटकलं नाही.

तर शाप. आकडा खरा आहे, हे आधी सांगून टाकतो. ही यादी १९५० पासून निघते, जुन्या याद्या कुणालाही पाहता येतात, आणि मी एक अख्खी संध्याकाळ घालवून त्या ताडून पाहिल्या. टेनिसी १९५१, मिशिगन स्टेट १९५२, ओक्लाहोमा १९५६, १९७४, १९७५ आणि १९८५, अलाबामा १९७८ आणि २०१७, फ्लोरिडा स्टेट १९९३ आणि १९९९, सदर्न कॅलिफोर्निया २००४. भरले अकरा. म्हणजे शंभरात साधारण साडेचौदा वेळा.

आता हे कमी कशाच्या मानाने? वरच्या गटात आज सव्वाशेच्या वर संघ आहेत. चिठ्ठ्या टाकून एक उचलला तर तो विजेता निघायची शक्यता शंभरात एकसुद्धा नाही. एपीवाले खेळाडू मैदानात उतरायच्या आत एक नाव सांगतात आणि ते सातातून एकदा बरोबर येतं. याला शाप म्हणायचं असेल तर हवामान खात्याच्या अंदाजालाही म्हणावं लागेल. पहिला संघ बहुतेक वेळा जिंकत नाही हे खरं, पण चिठ्ठी टाकून उचललेला संघ त्याहून कितीतरी कमी वेळा जिंकतो. एवढी एकच गोष्ट फॉरवर्डने गिळली आहे आणि बाकीचा सगळा इमला तिच्यावर उभा आहे.

आणि ती "सलग आठ वर्षं"? दर वर्षी अपयशाची शक्यता शंभरात साडेपंच्याऐंशी असेल, तर ओळीने आठ वर्षं अपयश येण्याची शक्यता शंभरात अठ्ठावीस-एकोणतीस निघते. कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम. कावळा बसला, फांदी मोडली. शिवाय त्या आठ शापितांचं झालं काय ते बघा. २०१८ची अलाबामा अंतिम सामन्यात हरली, २०१९ची क्लेमसन अंतिम सामन्यात हरली, २०२१ची अलाबामाही अंतिम सामन्यातच हरली. २०२० साली क्लेमसन उपांत्य फेरीपर्यंत गेली. २०२३ची जॉर्जिया अख्ख्या मोसमात एकच सामना हरली, तोही तीन गुणांनी. असा शाप आमच्या मिशिगनला दर वर्षी लागो.

खरा पचका झाला तो गेल्या वर्षी टेक्ससचा. इतिहासात पहिल्यांदाच यादीत अव्वल, आणि पहिल्याच सामन्यात ओहायो स्टेटकडून १४-७ने हार. भाचा कोलंबसचा, म्हणजे ओहायो स्टेटच्याच गावचा, त्याने तो सामना पाहिलेला, त्यामुळे त्याला हा फॉरवर्ड म्हणजे वेदवाक्य वाटला. २०१२ची सदर्न कॅलिफोर्निया तर याहून वाईट: सुरुवातीला पहिली, शेवटी पंचविसांतही नाही. अशी उदाहरणं लक्षात राहतात कारण ती मजेदार असतात. क्लेमसन अंतिम सामन्यात हरली हे कोण सांगत बसतो?

मला हे कळतं, कारण मी स्वतः पोळलोय. २००७ साली मी नुकताच ॲन आर्बरजवळ, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावाजवळ, राहायला आलो होतो. ऑफिसातल्या एकाने तिकीट दिलं. मिशिगन यादीत पाचवी, समोर ॲपलाचियन स्टेट, खालच्या गटातली, आणि स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस. मला तेव्हा नियमही धड कळत नव्हते. ३४-३२ने मिशिगन हरली आणि माझ्या शेजारचे आजोबा टोपी काढून नुसते बसून राहिले. पुढच्या यादीतून मिशिगन पाचव्या नंबरवरून थेट बाहेर. तेव्हापासून दर ऑगस्टला मीही तसाच वागतो. यादीत वर असलो की पोटात गोळा, आता दृष्ट लागणार. खाली असलो की मतदार आमच्यावर डूख धरून आहेत. शेजारच्या ओहायोवाल्यांना वर ठेवलं तर यादी विकाऊ, आम्हाला ठेवलं तर अभ्यासपूर्ण. आपला तो बाब्या. अलाबामाचे तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी २०१७ साली पत्रकारांच्या कौतुकाला उंदराचं विष म्हटलं होतं. ते खेळाडूंसाठी होतं, पण ते विष चाटतो आपण, चाहते.

विजेता कायम भलताच निघतो हे तर धडधडीत खोटं. २०१४ ते २०२४ या अकरा वर्षांतला प्रत्येक विजेता मोसमाआधीच्या यादीत पहिल्या सहांत होता. प्रत्येक. इंडियाना गेल्या वर्षी विसावी होती आणि सोळाच्या सोळा सामने जिंकून विजेती झाली, तेव्हा ती मी बिनशर्त देऊन टाकतो. २०२३ साली जो संघ बारापैकी नऊ सामने हरला, त्याने दोन वर्षांत हे केलं. कुणालाही दिसलं नव्हतं. पण एका इंडियानावरून "कायम" म्हणायचं असेल तर माझ्याकडे अकरा वर्षं आहेत.

बंद दाराबद्दल फार लिहीत नाही. एपीचे मतदार साठेक क्रीडापत्रकार असतात आणि कुणी कुणाला कितवा नंबर दिला ते नावानिशी पाहता येतं. दर आठवड्याला चाहते कुणा ना कुणा बिचाऱ्या मतदाराला त्यावरून धुतात. प्रशिक्षकांची यादी वेगळी असते, तिच्यात मोसमाआधी कुणी काय मत दिलं ते दिसत नाही. संशय घ्यायचाच तर तिचा घ्या.

यादीवर सगळं ठरतं, यात मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते मान्य करायला मला जड जातंय. २००४ साली सदर्न कॅलिफोर्निया आणि ओक्लाहोमा यादीत पहिली-दुसरी होती. मोसमभर जवळपास तशीच राहिली आणि अंतिम सामनाही त्यांच्यातच झाला. ऑबर्नही सगळे सामने जिंकली होती. पण तिची सुरुवात सतराव्या नंबरवरून झाली होती आणि वरचे दोघे हरेचनात, त्यामुळे तिला जागाच झाली नाही. तो अंतिम सामना सदर्न कॅलिफोर्नियाने ५५-१९ने जिंकला, म्हणजे ऑबर्नवाल्यांच्या जखमेवर मीठच. तेव्हा कोण खेळणार ते ठरवायच्या सूत्रात एपीची यादी धरली जायची. त्या मोसमानंतर एपीनेच आपली यादी त्यातून काढून घेतली. २०१४ पासून तेरा जणांची वेगळी समिती संघ निवडते. समितीतली माणसं वर्तमानपत्र वाचतच नसतील असं मी म्हणणार नाही. पण २०२३ साली फ्लोरिडा स्टेट तेराच्या तेरा सामने जिंकूनही बाहेर राहिली आणि एक सामना हरलेली टेक्सस आत गेली. मोसमाआधीच्या यादीत टेक्सस तिच्या खाली होती.

राहता राहिले भाच्याचे हजार डॉलर. ओहायोत जानेवारी २०२३ पासून २१ वर्षांवरच्या कुणालाही फोनवरून सट्टा लावता येतो, त्यामुळे "कायदेशीर आहे ना" हे त्याचं ठरलेलं उत्तर. मीही तेच म्हणतो, कायदेशीर आहे. पण पहिला नंबर सहसा जिंकत नाही हे भाच्याला कळतं, तर सट्टा चालवणाऱ्याला कळत नसेल का? त्याचा भाव त्यावरच बेतलेला असतो. म्हणूनच हजार अडकवून शंभर मिळतात. दहा वर्षं ओळीने भाचा बरोबर आला तर हजार कमावणार, आणि त्या दहांत एकदा जरी २०१७सारखा पहिलाच संघ जिंकला तर एका फटक्यात ते सगळे घालवणार. सातातून एकदा तसं होतं हे वर मोजलंच आहे. आमच्या आजोबांच्या काळी गल्लीत मटक्याचा आकडा लावायचे, तेव्हा निदान लावलेल्याच्या कितीतरी पट तरी देत.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "मामा, पण मग पहिल्या नंबरच्या बाजूने लावले तर?"

पैसे दिले नाहीत. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मिशिगनचा सामना कोलंबसला आहे, तेव्हा मी येतोय, तिकिटं तू काढ, एवढंच सांगून फोन ठेवला.