‘स्वतंत्र नर्स व्हा, पूर्ण पैसा हातात घ्या’ या संदेशाला उत्तर

नागपुरातील परिचारिकांच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक संदेश फिरतो आहे. रुग्णालयाची पगारी नोकरी सोडून स्वतंत्र कंत्राटावर काम केले, तर रोजच्या 1,000 रुपयांप्रमाणे महिन्याला 30,000 मिळतात, पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) कापला जात नाही, ड्युटी आपल्या मर्जीने घेता येते, चूक झालीच तर रुग्णालय किंवा परिचारिका पुरवणारा ब्युरो सांभाळून घेतो, आणि कराची व नोंदणीची कटकट उरत नाही, असे त्यात म्हटले आहे. मी जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग व मिडवायफरीची पदविका घेतलेली परिचारिका आहे. अकरा वर्षे रुग्णालयांत काढल्यानंतर गेली सहा वर्षे मी घरोघरी जाऊन रुग्णसेवा करते, त्यामुळे स्वतंत्र कामाला माझा विरोध नाही. परंतु नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुली हा संदेश वाचून राजीनामा द्यायला निघाल्या आहेत, म्हणून त्यातील विधाने तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान पैशाचे आहे. 30,000 हा आकडा महिन्याचे तीसही दिवस ड्युटी मिळाली तरच येतो. घरच्या रुग्णसेवेत केस संपते. रुग्ण बरा होतो, पुन्हा भरती होतो, कधी दगावतो, आणि पुढचा फोन येईपर्यंत आपण घरी बसतो. आठवड्याची एक सुट्टी घेतली आणि दोन केसच्या मध्ये सहा दिवस रिकामे गेले, तर हाती साधारण 20,000 राहतात. आता एकूण 20,000 पगाराची आणि त्यात 15,000 मूळ वेतन असलेली नोकरी धरू. तिथे पीएफचे 1,800 आणि ईएसआयचे 150 असे 1,950 रुपये कापले जातात, हे खरे आहे. पण मालक स्वतःच्या खिशातून पीएफचे 1,800 आणि ईएसआयचे 650 भरतो, ते 2,450 रुपये संदेशाच्या हिशेबात कुठेच नाहीत. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी मिळते, ती या उदाहरणात वर्षाला सुमारे 8,650 रुपये होते. आजारपणात ईएसआयमधून वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळते, आणि सोमवारी पेठेतील कामगार विमा रुग्णालयात आपल्यासोबत घरच्यांवरही उपचार होतात. पीएफ खात्याला जोडलेला 7 लाखांपर्यंतचा विमा वेगळाच.

हा संदेश इतका पटतो, त्याला कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान 20,000 मिळावेत, अशी शिफारस केली होती. त्यानंतरही मी त्याहून कमी पगारावर नाइट केल्या आहेत. तुटपुंज्या पगाराचा राग रास्त आहे. पण त्या रागापोटी मालकाच्या डोक्यावरचे ओझे आपणच आपल्या डोक्यावर घेणे रास्त नाही.

‘आपल्या मर्जीने ड्युटी’ हे दुसरे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण त्याचा अनुभव मी घेतला आहे. एका खासगी रुग्णालयाने आम्हा काही जणींकडून अकरा महिन्यांच्या करारावर सह्या घेतल्या. कागद इंग्रजीत होता आणि त्यात पगाराऐवजी ‘प्रोफेशनल फी’ असा शब्द होता. दुसऱ्या दिवसापासून काय बदलले? काहीही नाही. रोस्टर इन्चार्ज सिस्टरच लावत होत्या, दारात अंगठा लावावाच लागत होता, गणवेश तोच होता, दहा मिनिटे उशीर झाला की अर्धा दिवस कापला जात होता. माझ्या एका सहकारिणीला सातवा महिना लागला. तिने रजेचा अर्ज दिला, तेव्हा ‘तुम्ही कर्मचारी नाही, तुम्हाला रजा लागू नाही’ असे सांगून अर्ज तिच्या हातात परत ठेवला गेला. ती पहिल्या मजल्यावरच्या लिनन रूममध्ये बसून तो अर्ज चार घड्या करून पर्समध्ये ठेवत होती, हे मी विसरलेले नाही. बाळंतपणाच्या 26 आठवड्यांच्या पगारी रजेसाठी कायद्याची अट आहे ती आधीच्या बारा महिन्यांत किमान 80 दिवस काम केल्याची, आणि तिने त्याच ठिकाणी त्याच्या कितीतरी पट दिवस भरले होते.

करारावर काय लिहिले आहे एवढ्यावर कायदा थांबत नाही. काम काय करायचे आणि ते कसे करायचे, या दोन्हींवर कोणाचा ताबा आहे, हे पाहायचे असते, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्येच धरंगध्रा केमिकल वर्क्सच्या निकालात मांडली आहे. ठेकेदारामार्फत लावलेला माणूसही पीएफच्या कायद्यात कर्मचारीच ठरतो. ज्या परिचारिकेला ड्युटी नाकारता येत नाही, दर ठरवता येत नाही आणि एकाच वेळी दुसरीकडे काम करता येत नाही, ती कागदावर काहीही असली तरी नोकरीच करते आहे, आणि तिने कामगार आयुक्त कार्यालयात दाद मागितली पाहिजे.

चूक झाल्यास रुग्णालय सांभाळून घेते, हे विधान अर्धेच खरे आहे. स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात परिचारिकेने दिलेल्या चुकीच्या इंजेक्शनमुळे एका मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरले आणि एकूण 17.5 लाखांची भरपाई कायम केली. ती परिचारिका रुग्णालयाची कर्मचारी होती. कंत्राटी करारात मात्र ‘नुकसानभरपाईची जबाबदारी परिचारिकेची’ असे कलम पुष्कळदा असते, आणि रुग्णाच्या घरी तर मागे रुग्णालयच नसते.

मानेवाड्याच्या एका घरी रात्रीच्या ड्युटीवर मला एका आजींना इन्सुलिन द्यायचे होते. त्यांच्या मुलाने नवी बाटली आणली होती, ती 100 युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट असलेली. ट्रेमध्ये सिरिंज होत्या लाल टोपीच्या, म्हणजे 40 युनिटच्या बाटलीसाठी असतात त्या. त्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत औषध भरले असते, तर आजींना 20 ऐवजी 50 युनिट गेले असते. वॉर्डात अशा वेळी शेजारची सिस्टर बाटली हातात घेऊन पुन्हा वाचते. त्या घरात जागी मी एकटीच होते. तेव्हापासून मी डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय औषध देत नाही आणि स्वतःच्या नावाचा व्यावसायिक दायित्व विमा दरवर्षी भरते. तो खर्चही रोजच्या दरातूनच निघायला हवा.

करासंबंधीचे विधान सरळ चुकीचे आहे. एका संस्थेकडून वर्षभरात 50,000 पेक्षा जास्त व्यावसायिक शुल्क मिळाले की 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, कापला जातो. आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नसला, तरी कापलेली रक्कम परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते, आणि पगारदारांना मिळणारी 75,000 ची प्रमाणित वजावट शुल्कावर मिळत नाही. नोंदणीबाबत तर वादच नाही: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी घरी सेवा देणारीलाही तितकीच लागते.

मुलींना माझे सांगणे इतकेच आहे की, आधी तीन-चार वर्षे आयसीयूत काढा, नंतर दर ठरवताना रिकामे दिवस, विमा, स्वतःचे पीपीएफ (भविष्य निर्वाह निधीचे स्वतः उघडलेले खाते) आणि रुग्णाची सुई चुकून आपल्याला टोचल्यास लागणारे उपचार हे सगळे त्यात धरा. तेवढा दर द्यायला कोणी तयार असेल, तर आनंदाने स्वतंत्र व्हा. हाच हिशेब करून मी आज बारा तासांच्या ड्युटीचा जो दर सांगते, तो संदेशातल्या 1,000 रुपयांपेक्षा बराच जास्त आहे, आणि तो ऐकून पहिल्याच फोनवर नकार देणारी घरेही मला माहीत आहेत.