चौकट तुमची, दरवाजा आमचा

आमच्या बाथरूमचा दरवाजा एका दिवसात गेला नाही. आधी त्याची खालची वीतभर फळी काळी पडली, मग मऊ झाली आणि एप्रिलमधल्या एका सकाळी आईच्या पायाचा अंगठा तिच्यातून आरपार गेला. अंगठा तिथे काय करत होता, असं कोणी विचारेल. तो दरवाजा लावायची रीतच तशी होती. अंगठ्याने खालून जरा उचलायचा, खांद्याने रेटायचा, मग कडी. घरातल्या सगळ्यांना ही कसरत पाठ. पाहुण्यांना मात्र प्रात्यक्षिक द्यावं लागे, आणि बाथरूमकडे घाईने निघालेल्या माणसाला प्रात्यक्षिकात रस नसतो.

प्रतापनगरातलं हे घर बाबांनी 1981 साली बांधलं. दारं-खिडक्या ज्या मिस्त्रींनी केल्या, त्यांचाच मुलगा आता आमचा मिस्त्री. त्याला फोन केला. "उद्या येतो ना भाऊ," तो म्हणाला. चार दिवसांनी पुन्हा केला. "येऊनच राहिलो, रस्त्यात आहो." मागून सनईचा आवाज येत होता. नागपुरात लग्नसराईत मिस्त्री मिळणं कठीण. एकतर तो वरातीत असतो, नाहीतर वरातीतून उठून झोपलेला असतो. आठवडाभराने बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"हे 'येऊन राहिलो' आता बास. आपण सिस्टीमने करून घेऊ."

सिस्टीम म्हणजे घर सजवण्याचं सगळं सामान एकाच छताखाली मिळणारं मोठं दुकान. नळापासून नाइटलॅम्पपर्यंत सगळं तिथे असतं आणि वर एसी. मे महिन्यात नागपूरचा माणूस एसीच्या मोहाने कुठेही जातो. दरवाजा त्यामानाने सभ्य कारण होतं. हातात टॅब्लेट घेतलेला एक मुलगा आमच्या मागे लागला. त्याने डब्ल्यूपीसीचा दरवाजा दाखवला. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचं मिश्रण. "पाणी लागलं तरी फुगत नाही सर, कीड लागत नाही, वीस वर्षं बघायचं नाही." आणि बसवून? "एंड टू एंड आहे सर. मोजमाप, डिलिव्हरी, जुना काढणं, नवा बसवणं. तुम्ही फक्त घरी राहायचं."

हे शेवटचं वाक्य त्या सबंध व्यवहारातलं एकमेव वाक्य, जे शंभर टक्के खरं निघालं.

बिल आलं तेव्हा कळलं की एंड टू एंडच्या मध्ये जेवढे थांबे, तेवढी भाडी. मोजमाप शुल्क वेगळं, जुना दरवाजा काढण्याचं वेगळं, तो घराबाहेर नेण्याचं आणखी वेगळं, बसवण्याचं वेगळं आणि या सगळ्यांवर 18 टक्के जीएसटी. जुना दरवाजा नेण्याचे पैसे मी काटले. "गच्चीवर ठेवू, कामाला येईल," असं म्हणालो. प्रत्येक मराठी घराची गच्ची याच वाक्यावर भरलेली असते.

मोजमापाला आलेला मुलगा दुपारी दोनला आला. बाहेर 45 अंश. त्याला आधी माठातलं पाणी दिलं, मग कैरीचं पन्हं, मग तो माणसात आला. त्याच्याकडे टेप नव्हता. लेझरचं यंत्र होतं. चौकटीच्या एका बाजूला टेकवलं, समोर लाल ठिपका पडला, टुक्‌ आवाज. उंचीला 2134, रुंदीला 762. मिलिमीटरमध्ये. म्हणजे सात फूट बाय अडीच.

"बाळा, वरून, मधून, खालून, तीन ठिकाणी घे," आई म्हणाली. "आणि कोपऱ्याकोपऱ्यात सुतळी धरून पाहा. आमचे हे तसंच पाहत."

"आजी, लेझर आहे हे."

"लेझर असो नाहीतर काही असो. चौकट गुनियात आहे का?"

तो हसला. बाबांची सुतळीची युक्ती अशी: डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक माप, मग उलट बाजूचं दुसरं. दोन्ही सारखी आली तर चौकट काटकोनात. नाही आली तर ती कुठेतरी कललेली आहे, मग रुंदी कितीही बरोबर असू दे. पण इंग्रजांच्या काळात अंतरं मोजण्यासाठी उभारलेला झिरो माइलचा दगड ज्या शहरात उभा आहे, त्या शहरात एका आजीने मोजमापावर बोलावं हे त्या मुलाला पटलं नसावं. आईने मात्र विषय सोडला नाही. 2024च्या मे महिन्याच्या शेवटी इथल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश तापमान दाखवलं होतं, आठवतं? पोरं फुटपाथवर ऑम्लेट करायच्या गोष्टी करत होती. मग हवामान खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडला होता. "यंत्र दाखवते म्हणून खरं थोडीच असते," एवढं बोलून ती कूलरसमोर जाऊन बसली.

यानंतर सिस्टीम सुरू झाली. सगळ्यात आधी, आणि अगदी दिलेल्या वेळेला, 27 मेच्या सकाळी आठ वाजता, जुना दरवाजा काढणारी माणसं आली. दहा मिनिटांत बिजागऱ्या उचकटल्या आणि दरवाजा गच्चीवर. मी खूश. नवा कधी? "ते आम्हाला नाही माहीत. आम्ही डिसमँटलिंगवाले."

दुपारी दुकानातून फोन. दरवाजा तयार व्हायला अजून थोडे दिवस लागतील.

नवतपा चालू होता. रोहिणी नक्षत्रात सूर्य आला की हे नऊ दिवस नागपूर भट्टीवर असतं. टाकीतलं पाणी सकाळी साडेसातनंतर अंगावर घेण्यासारखं राहत नाही, त्यात सरळ चहापत्ती टाकावी. म्हणून घरातल्या पाच माणसांच्या आंघोळी पहाटे साडेपाच ते सात या वेळात, आणि बाथरूमला दरवाजा नाही. आम्ही जुनी सोलापुरी चादर टांगली. चादर भक्कम होती, पण आमचा कूलर पॅसेजच्या खिडकीत आहे. तो लावला की चादर शिडासारखी फुगायची आणि आतल्या माणसाची लाज थेट हॉलपर्यंत यायची. त्यामुळे नियम ठरला: आत कोणी असेल तोवर कूलर बंद. मग बाहेरचे चार जण घामाने निथळत आतल्याला ओरडायचे, "झालं का?" आणि आतला साबणाच्या फेसातून ओरडायचा, "कूलरला हात लावू नका!"

दुसरा नियम खाकरण्याचा. पॅसेजमध्ये शिरताना खाकरायचं. आत कोणी असेल तर त्याने खाकरून उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं तर रस्ता मोकळा. पद्धत चांगली होती. फक्त माझ्या सासऱ्यांना जुना खोकला आहे हे आम्ही विसरलो. ते अमरावतीहून आठ दिवसांसाठी आले होते. ते हॉलमध्ये पेपर वाचताना खोकायचे आणि बाथरूममध्ये कोणी नसताना आम्ही सगळे अर्धा अर्धा तास पॅसेजमध्ये ताटकळत उभे. तिसऱ्या दिवशी त्यांनी बॅग भरली. मुलीला म्हणाले, "दरवाजा बसला की कळव, मग येतो." त्यांचा तो स्वर मला हुंडा न दिल्याच्या समाधानाचा वाटला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दरवाजा आला. डिलिव्हरीवाल्यांनी तो गेटपाशी ठेवला. आत न्या म्हटलं तर, "गेटपर्यंतच आहे साहेब." मी आणि शेजारच्या काकांनी तो उचलून हॉलमध्ये सोफ्यामागे उभा केला. त्याला बुडबुड्यांचं प्लॅस्टिक गुंडाळलेलं होतं, ते भाच्याने दोन दिवसांत पूर्ण फोडून संपवलं. दरवाजा घरात आला होता, बाथरूमपासून बरोबर अकरा पावलांवर, आणि अजून आम्ही खाकरत होतो.

आता बसवणारे. त्यांच्यासाठी हेल्पलाइन. मराठीसाठी तीन दाबा. तीन दाबलं की एक बाई हिंदीत सांगायच्या, आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है. तो किती महत्त्वपूर्ण, हे त्या सतरा मिनिटं वाजणाऱ्या बासरीवरून कळायचं. एकदा मी रजा टाकून सकाळपासून घरी बसलो. संध्याकाळी मेसेज आला: ग्राहक घरी उपलब्ध नव्हता, तक्रार बंद. मी तो मेसेज सोफ्यावर बसून वाचला. सोफ्यामागे दरवाजा होता. आम्ही दोघंही उपलब्ध होतो.

दुसऱ्यांदा कारण आलं, साइट तयार नाही. मी विचारलं, साइट तयार नाही म्हणजे काय? पलीकडच्या मुलीने कागद चाळले असावेत. "सर, तुमच्याकडे जुना दरवाजा अजून लागलेला आहे असं दाखवतंय." मी तिला जुना दरवाजा कधी, कोणी आणि किती वेळात काढला ते तारखेसकट सांगितलं. "ते वेगळं व्हेंडर आहे सर, त्यांचं आमच्याकडे येत नाही."

मग पाऊस आला. दोन-तीन रात्री धो धो कोसळला. आणि 22 जूनला, चादरीच्या सत्ताविसाव्या दिवशी, बसवणारी दोन मुलं आली. कामसू मुलं होती, उगीच कशाला नावं ठेवा. आईने त्यांना तर्रीपोहे दिले, त्यांनी खाल्ले, ड्रिल काढलं, बिजागऱ्या बसवल्या, दरवाजा उचलून लावला. उघडा असताना तो अगदी देखणा दिसत होता. बंद करायला गेले तर वरच्या कोपऱ्यात अडकला. खाली मात्र बोटभर फट.

"चौकट तिरपी आहे सर."

"मग जरा रंधा मारा वरून."

"नाही मारता येत. डब्ल्यूपीसीला रंधा मारला तर वॉरंटी जाते."

"मग चौकट सरळ करा."

"सर, चौकट तुमची आहे. दरवाजा आमचा."

आई आतून आली नाही, पण आतून तिचा आवाज आला. "सुतळी."

मुलांनी सुपरवायझरला फोन लावला. सुपरवायझर म्हणाला, ओटीपी घेऊन निघा, पुढे चार घरं आहेत. तेवढ्यात माझ्या मोबाइलवर सहा आकडे येऊन पडले. ओटीपी दिला की काम पूर्ण, हा त्यांच्याकडचा कायदा. मी तो सांगायला तोंड उघडणार, तोच बायकोने मोबाइल उचलून ब्लाउजमध्ये ठेवला. "दरवाजा लागेपर्यंत ओटीपी लागणार नाही." गेल्या दीड महिन्यात त्या दुकानाची कोणतीही गोष्ट आमच्या ताब्यात नव्हती, हे सहा आकडे पहिल्यांदाच होते. मुलं ओशाळून बाथरूमच्या उंबऱ्यावर बसली. त्यांना दरवाजामागे पैसे मिळतात, ओटीपीशिवाय तेही नाहीत, हे त्यांनीच सांगितलं. मग सगळेच बसलो. मी, दोन मुलं आणि न लागणारा दरवाजा.

आणि फाटक वाजलं. मिस्त्री.

"उद्या येतो म्हटलं होतं ना भाऊ," तो म्हणाला. एप्रिलमधलं ते उद्या आज उजाडलं होतं. त्याने चप्पल काढली, चौकटीकडे पाहिलं, पिशवीतून ओळंबा काढून वरच्या खिळ्याला लावला. दोरी वर भिंतीला टेकली होती आणि खाली तिच्यापासून चांगली पेरभर लांब लोंबत होती. मुलं पाहत राहिली.

"चौकट नाही सरकली, घरच सरकते तुमचं," तो म्हणाला. "खाली काळी माती आहे. उन्हाळ्यात आटते, भेगा पडतात, पाऊस पडला की फुगते. पायव्यासंगं घरबी थोडं वरखाली होते. वरून सागाची चौकटही पावसात फुगते. माप कधी घेतलं?"

"मे मध्ये."

"आणि बसवून राहिले जूनमध्ये." तो मुलांकडे वळला. "उन्हाळ्यात माप घेतलं तं दोन सूत ढील ठेवा लागते, माहीत नाही का बे?"

मुलांना सूत माहीत नव्हतं. मिलिमीटरमध्ये किती, त्यांनी विचारलं. मिस्त्रीला मिलिमीटर माहीत नव्हते. मीच हिशेब केला: आठ सुतांचा इंच, म्हणजे दोन सूत साधारण सहा मिलिमीटर. लेझरने मिलिमीटरपर्यंत अचूक सांगितलं होतं, फक्त चुकीच्या महिन्यात. आणि दरवाजा खरोखरच फुगत नव्हता, दुकानदाराने खोटं सांगितलं नव्हतं. त्याच्याभोवतीचं सगळं फुगलं होतं.

"पण रंधा मारला तर वॉरंटी जाते," मोठा मुलगा पुन्हा म्हणाला.

"दरवाज्याची ना?" मिस्त्रीने रंधा काढला आणि चौकटीवर ठेवला. "चौकट तर यांची आहे."

पंचेचाळीस वर्षांच्या सागाच्या पातळ, लालसर, गुंडाळत जाणाऱ्या साली बाथरूममध्ये पडत राहिल्या आणि बाबांच्या काळचा वास सुटला. आई येऊन दोन साली उचलून घेऊन गेली. अर्ध्या तासाने दरवाजा लागला. अगदी शेवटी खाली किंचित अडायचा, म्हणून मिस्त्रीने पायाच्या अंगठ्याने जरा उचलून दाखवला, खांदा लावला, कडी. "एवढं करा लागते. सवय होते."

बायकोने मोबाइल बाहेर काढला. ओटीपी गेला, मुलं पळाली. मिस्त्रीने तीनशे रुपये आणि दोन कप चहा घेतला, गच्चीवरचा जुना दरवाजाही पाहून आला. "चांगला आहे, कामाला येईन," म्हणून तो तिथेच ठेवला.

फाटकाशी थांबून म्हणाला, "पण भाऊ, मे मध्ये माती आटली की वरून फट पडते बरं का. कूलर लावला की शिट्टी वाजन."

"मग काय करायचं?"

"काही नाही, फोन करा ना. दुसऱ्याच दिवशी येतो."