बारा व्होल्टलाही फ्यूज लागतो, भावोजी

घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी, टपावर प्रत्येकी 400 वॅटची दोन सोलर पॅनल, एक साधा इन्व्हर्टर आणि घरात उरलेली वायर. एवढ्यावर म्हणे व्हॅनमध्ये रात्रभर एसी, इंडक्शन, फ्रिज सगळं फुकट चालतं. फ्यूज आणि जाड केबल ही दुकानदारांची लूट, कारण "बारा व्होल्टला काही होत नाही". बॅटरी पावसाळ्यातही भरते आणि आरटीओला विचारायची गरजच नाही. असा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मी वाचून सोडून दिला असता, पण खारेगावच्या आमच्या भावोजींनी तो मनावर घेतला. मारुती ईको व्हॅनच्या मागच्या सीट काढल्या, वायरिंगही केलं आणि गणपतीनंतर ताईला घेऊन त्याच गाडीत झोपत गुहागरला जायचा बेत आखला. मी वागळे इस्टेटमध्ये कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचं काम करतो. हे बघून गप्प बसणं मला जमणार नाही.

आधी फ्यूजचं बोलू. बाकी काही चुकलं तर पैसे जातील, इथे चुकलं तर माणसं जातील.

बारा व्होल्टचा शॉक लागत नाही, हे मान्य. कोरड्या हातांनी दोन्ही टर्मिनल धरली तरी काही जाणवत नाही. मेसेज लिहिणारा तेवढ्यावरच थांबला. वायर तापते ती अँपिअरमुळे, म्हणजे तिच्यातून वाहणाऱ्या करंटमुळे. घरात 1000 वॅटचं उपकरण 230 व्होल्टवर साडेचार अँपिअरसुद्धा घेत नाही. तेच 12 व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून चालवलं, तर इन्व्हर्टरची तूट धरून बॅटरीतून साधारण 95 अँपिअर ओढले जातात. भावोजींनी घराच्या प्लगची 2.5 स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर टाकलीय, जाऊन-येऊन सहा मीटर. तिचा रेझिस्टन्स दर मीटरला सात मिलिओहमच्या आसपास असतो. हिशोब मांडा: चार व्होल्ट वायरीतच जातात आणि ती वायर जवळपास 400 वॅटची उष्णता सोडते, तीही गादीखाली. त्याआधी इन्व्हर्टर लो बॅटरी दाखवून बंद पडला तर नशीब समजायचं.

हे सगळं ठीकठाक चालू असतानाचं झालं. परवा मी टॉर्च घेऊन त्यांच्या गाडीत वाकून बघितलं. पत्र्याला ड्रिल मारून लाल वायर आरपार नेली होती, भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेला घासू नये म्हणून बसवतात ती कडी, नव्हता. पत्र्याच्या कडेला घासून इन्सुलेशन कापलं गेलं होतं आणि आतलं तांबं दिसत होतं. गाडी तेव्हा घोडबंदर रोडच्या पुढेही गेली नव्हती, मुंबई-गोवा हायवेचे खड्डे अजून बाकी होते. बॅटरीचा निगेटिव्ह चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेला. म्हणजे ते तांबं पत्र्याला टेकलं की शॉर्ट, आणि 150 अँपिअर-अवरची बॅटरी शेकडो अँपिअर त्या वायरीत ओतणार. काही सेकंदांत वायर लालभडक, वर स्पंजची गादी, गादीवर झोपलेली माणसं. "इन्व्हर्टरमध्ये फ्यूज आहे की," असं भावोजी म्हणाले. आहे ना, पण शॉर्ट होणार तो बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मधे. तिथला करंट त्या फ्यूजपर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून फ्यूज बॅटरीला खेटून लागतो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं ई-11 हे मानक बोटींच्या वायरिंगसाठी आहे. त्याचा मूळ नियम असा की फ्यूज बॅटरीपासून वायरच्या लांबीने 7 इंचांच्या आत हवा; वायर पूर्ण आवरणातून नेली असेल तरच जास्त अंतर चालतं. बोटीत बॅटरी माणसांच्या अंथरुणाशेजारी असते, सगळं सतत हादरत असतं. व्हॅनमध्ये वेगळं काय आहे? 1000 वॅटच्या इन्व्हर्टरला 35 स्क्वेअरची तांब्याची केबल आणि 125 अँपिअरचा फ्यूज, यात तडजोड नको.

दुकानदार लुटतात, हे अर्धं खरं आहे. कॅम्पर किट म्हणून डब्यात घातलं की त्याच मालाची किंमत वाढते. मग मुंबईत लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात जाऊन सुटा माल घ्या, पण घ्या.

आता एसी. 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर 1800 वॅट-अवर असतात. घरच्या इन्व्हर्टरची ही लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे. एक टनाचा एसी त्यावर तासभर चालेल, आणि तोही बॅटरी नवी असेल तर. टपावरच्या 800 वॅटला 12 तासांनी गुणून मेसेजवाल्याने रोजचे साडेनऊ युनिट काढलेत. ईकोच्या टपावर 400 वॅटचं एकच पॅनल नीट बसतं. चांगल्या उन्हात ते दिवसाला दीड युनिटच्या आत-बाहेर देईल, जुलैत त्याच्या निम्म्यावर येईल. झाडाखाली गाडी लावली तर तेवढंही नाही.

घरच्या इन्व्हर्टरची ही ट्यूब्युलर बॅटरी झोपायच्या जागेत ठेवूच नका. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो 4 टक्के झाला की एक ठिणगी पुरते. घाटात ॲसिड सांडतं ते वेगळंच. 100 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा किलोच्या आसपास असते आणि हजार वॅट-अवर सहज देते. मात्र बीएमएस, म्हणजे बॅटरीला सांभाळणारं सर्किट असलेलीच घ्या आणि गाडीच्या अल्टरनेटरवर (इंजिनवर चालणाऱ्या जनरेटरवर) भरायची असेल तर मधे डीसी-डीसी चार्जर लावा. तिच्यावर 30 वॅटचा पंखा, दिवे आणि मोबाइल रात्रभर आरामात चालतात. गुहागरला एवढं पुरतं.

आरटीओचं सरळ आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. मागच्या सीट काढल्या की आसनसंख्या बदलली.

मेसेज वाचून कुणी आधीच जोडणी केली असेल, तर आज बॅटरी सोडवा. निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा. नाहीतर पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर तिथेच शॉर्ट होईल. मग वायर पत्र्यातून जिथे जिथे जाते तिथे बोट फिरवून बघा.