खुलासा : ख्रिस सगळंच विसरलेला नाही

‘द रिटर्न ऑफ द सोल्जर’ (१९८२) या सिनेमातला सैनिक ख्रिस सगळी स्मृती गमावतो आणि मूळ कथा पहिलं महायुद्ध संपल्यावर कितीतरी वर्षांनी लिहिली गेली, असं सध्या फिरतंय. दोन्ही चूक. रेबेका वेस्ट यांची कादंबरी १९१८ च्या सुरुवातीची, म्हणजे युद्ध ऐन भरात असतानाची. ‘शेल शॉक’ (युद्धामुळे सैनिकाला बसणारा मानसिक धक्का, ख्रिसला बसतो तसा) हा शब्द वैद्यकीय लिखाणात येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती.

आणि ख्रिस विसरतो ती फक्त शेवटची पंधरा वर्षं. त्यात बायको किटी पुसली जाते, वारलेलं लेकरूही. तरुणपणी जिच्यावर जीव जडला ती मार्गारेट मात्र लख्ख आठवते. कादंबरीत शेवटी तीच त्या मुलाचा स्वेटर नि चेंडू घेऊन ख्रिसकडे जाते. मला तर त्या चेंडूनेच रडवलं.