‘पाच वर्षं झाली, आता तू बरा’ : एका फॉरवर्डला उत्तर

तरुणपणी किंवा लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्यांबद्दलचा एक मजकूर नातेवाइकांच्या ग्रुपांवर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं सार असं: पाच वर्षं आजार उलटला नाही की माणूस पूर्ण बरा. तरुण शरीर सगळं भरून काढतं. जगणं कसं चाललंय हे मोजणाऱ्या प्रश्नावल्या म्हणजे परदेशी खूळ, सुखदुःख काही आकड्यांत मावत नाही. आणि बऱ्या झालेल्या पोरांना असलं विचारून जुन्या जखमा उकरू नयेत. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल. पण हा सल्ला ऐकला तर नुकसान त्या पोरांचंच होतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

पाच वर्षांचा हिशोब आजार परतण्याचा आहे. उपचारांनी शरीरात मागे काय ठेवलं, ते त्यात धरलेलं नसतं. लहानपणी कॅन्सर झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या दहा हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. निदानानंतरच्या ३० वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ७३ टक्के लोकांना कुठला ना कुठला जुनाट आजार जडेल, असं त्यातून दिसलं. सुमारे ४२ टक्क्यांच्या बाबतीत तो गंभीर किंवा जिवावर बेतणारा होता. त्यांचे उपचार १९७० ते १९८६ या काळातले होते, आज रेडिएशन पुष्कळ जपून देतात, हेही सांगायला हवं. तरी ‘विषय संपला’ असं म्हणण्यासारखी परिस्थिती नाही.

‘तरुण शरीर भरून काढतं’ हे तर काही बाबतींत उलटंच आहे. डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोच्या औषधाचा हृदयावर होणारा परिणाम अगदी लहान वयात जास्त घातक ठरतो. छातीवर रेडिएशन घेतलेल्या मुलींना पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. केमोच्याच औषधांपैकी सिसप्लॅटिनने कान आणि मूत्रपिंड दुखावतात, सायक्लोफॉस्फामाइडने मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते.

परदेशी खूळ? मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांची पुढेही विचारपूस करणारं वेगळं क्लिनिक १९९१ पासून आहे. एवढं पुरे.

आकड्यांच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे, म्हणून त्याच्यापाशी थांबते. कॅन्सरच्या अभ्यासांत फार वापरली जाणारी एक प्रश्नावली ‘ईओआरटीसी’ या युरोपीय संस्थेची आहे. ती १९९३ साली प्रसिद्ध झाली, प्रश्न ३०, आणि ती मराठीतही आहे. जड पिशवी उचलताना त्रास होतो का? कपडे घालायला, अंघोळीला कोणाची मदत लागते का? गेल्या आठवड्यात मळमळलं का, झोप लागली का? केमो चालू असलेल्या साठीच्या माणसाला हे विचारणं अगदी योग्य. पण उपचार संपून सहा वर्षं झालेली २६ वर्षांची मुलगी यातल्या बहुतेक प्रश्नांपुढे ‘अजिबात नाही’ लिहील आणि कागदावर ठणठणीत ठरेल. मला मूल होईल का, हे तिला तिथे कोणी विचारलेलंच नसतं. कॉलेजची वाया गेलेली वर्षं, नोकरीच्या मुलाखतीत त्या खंडाबद्दल काय सांगायचं, मेडिक्लेम मिळाला की नाही, स्थळ आलं तेव्हा घरच्यांनी ‘आजाराचं बोलू नकोस’ म्हणून दटावलं का, यातलं काहीच त्यात नाही. तिची रात्रीची झोप यांपायीच उडालेली असते, आणि प्रश्नावलीत त्याची नोंद फार तर ‘झोप कमी लागते, काळजी वाटते’ एवढीच होते.

आणखी एक अडचण आहे. मरण जवळून पाहिलेल्या माणसाची ‘चांगलं’ म्हणण्याची पातळीच बदलते. दोन जिने चढून धाप लागली तरी तो ‘मस्त चाललंय’ म्हणतो, आणि ते खोटं नसतं. स्प्रँगर्स आणि श्वार्ट्झ या संशोधक बायकांनी १९९९ साली याची नीट मांडणी केली. त्यामुळे नुसतं ‘एकंदर कसं वाटतं?’ विचारून भागत नाही, जिन्याचं वेगळं विचारावं लागतं.

यावर उपाय मोजणं सोडून देणं हा नव्हे, नेमकं विचारणं हा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या २००६ च्या अहवालाने १५ ते ३९ हा वयोगट वेगळा धरला, तो त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत म्हणूनच. ब्रॅड झेब्रॅक या संशोधकाने कॅन्सरमधून वाचलेल्यांसाठी तयार केलेल्या प्रश्नावलीत नातेसंबंधांची आणि नोकरीची काळजी तर विचारतातच, शिवाय आजारातून माणसाला काही चांगलं गवसलं का, हेही विचारतात. आपल्याकडे त्यात लग्न जुळवण्याचे आणि घरात पाळल्या जाणाऱ्या गुप्ततेचे प्रश्न घालावे लागतील. ते इथल्या सर्व्हायव्हरांशी, म्हणजे कॅन्सरमधून वाचलेल्यांशी, बोलूनच ठरायला हवेत.

राहिला जखमा उकरण्याचा मुद्दा. गप्प बसलेल्या पोराची जखम भरलीय, हे कोणी ठरवलं? वेळेवर न विचारल्याने होणारं नुकसान कधी कधी कायमचं असतं. वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू केमोआधी साठवून ठेवता येतात, पण तो विषय काढायचा कोणी, या संकोचात ती वेळ निघून जाते. विचारण्याची रीत हवी, हे मान्य. आईबाबांना बाहेर बसवून विचारावं. फॉर्म त्याचा त्याला भरू द्यावा. त्रास सांगितला तर पुढे कुणाकडे पाठवायचं, हे विचारणाऱ्याने आधी ठरवलेलं असावं.

आणि घरच्यांनी हॉस्पिटलकडून उपचारांचा लेखी गोषवारा मागून घ्यावा: कोणती औषधं, एकूण किती मात्रा, रेडिएशन शरीराच्या कुठल्या भागाला. पंधरा वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरसमोर बसल्यावर हृदयाचा इको (सोनोग्राफीसारखी तपासणी) करायचा की नाही, हे त्या कागदावरून ठरतं.