रविवारी दुकानं बंद म्हणून कुरकुरणाऱ्यांनो

आज जर्मनीतल्या आमच्या मराठी ग्रुपवर पुन्हा तेच. नवीनच आलेल्या एकाने लिहिलंय, "रविवारी साधं दूध मिळत नाही, कसला प्रगत देश हा!" खाली हसणाऱ्या इमोजींची रांग आणि "आपल्याकडे दहा मिनिटांत घरपोच" वगैरे. तिथे गप्प बसले. पण डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या अण्णांचं किराणा दुकान होतं. खाली दुकान, वर घर. सुट्टी नाहीच. लक्ष्मीपूजनाला पानं वाढलेली असायची, अण्णांनी पहिला घास घेतलेला असायचा आणि खालून शटरवर थाप: "अण्णा, अर्धा किलो साखर!" अण्णा उठायचे. हात धुऊन, पंचाला पुसत जिना उतरायचे. आई त्यांच्या ताटावर ताट पालथं घालून तशीच बसून राहायची. वर माणूस जेवत असेल, हे थाप मारणाऱ्याच्या मनातही येत नसे.

जर्मनीत हे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. रविवारची विश्रांती पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली जर्मनीने केलेल्या वायमार राज्यघटनेत आली आणि १९४९च्या घटनेने ते कलम तसंच ठेवलं. बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायला परवानगी दिली होती, तर २००९ मध्ये घटना न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. ऐन नाताळच्या धंद्यातही! अण्णांच्या वाट्याला असा एक कायदा आला असता तर आईचं जेवण तरी वेळेवर झालं असतं.

गैरसोय होते, मान्य. ईस्टरला शुक्रवार, रविवार, सोमवार बंद, आणि मधल्या शनिवारी दुकानात ट्रॉली ढकलायला जागा नसते. आमच्या म्युनिकमध्ये तर एरवीही रात्री आठला शटर खाली. उशिरा सुटणाऱ्या एकट्या माणसाचे हाल होतात, तेवढं खरं. पण अगदीच अडलं तर मोठ्या स्टेशनातलं दुकान असतं, पेट्रोल पंप असतो. चार पैसे जास्त पडतात. पडू देत.

हॉटेलं रविवारी चालू असतात, मग त्यांतली बरीच सोमवारी बंद. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात वाढणारा पंजाबी मुलगा सोमवारी लेकीला पोहायला नेतो. परवा बिल देताना स्वतःहून सांगत होता, "आता ती एकटी उडी मारते." किती खुलला होता चेहरा! माझे अण्णा कधी आमच्या शाळेच्या गॅदरिंगलाही आले नाहीत. यायचं खूप मनात असायचं त्यांच्या.

आणि त्या पोस्टला लाइक देणारे कोण? शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की सोमवारपर्यंत न उघडणारे. शनिवारी ऑफिसचा एक मेल आला तर यांचा तिळपापड होतो. तुमचा वीकेंड तेवढा पवित्र आणि काउंटरवर बसणाऱ्या बाईने मात्र रविवारी तुमच्या दुधासाठी यायचं? का म्हणून?