'ते घरी शिकवतील' म्हणणाऱ्या कोथरूडकरांना उत्तर

नमस्कार कोथरूडकर,

एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं की लैंगिक शिक्षण हे बाहेरचं फॅड, ते घरच्यांवर सोडावं, आणि महाराष्ट्रातल्या शाळांत लैंगिक शिक्षणावर २००७ ला घातलेल्या बंदीवर लिहिताना मी भाजप-सेनेलाच झोडपलं.

शेवटचं आधी घेतो. विरोधक तापले होतेच, पण बंदी घातली तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं हो, विलासराव मुख्यमंत्री! आणि शिकवण्याचा कार्यक्रम केंद्राचा, नॅकोचा (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा), म्हणजे तिथेही काँग्रेसची यूपीएच. आपल्याच लोकांच्या कार्यक्रमावर पाणी सोडलं, कारण शिकवलं तर बोंब होते, बंद केलं तर कोणी विचारत नाही. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत हे नकोच म्हटलं, अध्यक्ष व्यंकय्या नायडू. इथे भाजपचं नाव येतं, ते मी काढणार नाही.

आता घरचं. त्याच २००७ मध्ये केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाचा बाल अत्याचारांवरचा अहवाल आला. महाराष्ट्र धरून १३ राज्यं, १२,४४७ मुलं, त्यातल्या ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच. आणि अत्याचार करणारे निम्मे ओळखीतले, विश्वासातले. म्हणजे ज्यांच्यावर सोडा म्हणताय त्यांच्यातलेच काही!

बरं, सोडलं तर होतं काय? माझी भाची पुण्यातल्याच एका नावाजलेल्या शाळेत. दहावीच्या विज्ञान भाग दोनमधलं प्रजनन आलं तेव्हा बाईंनी फळ्यावर आकृती काढली, नावं न उच्चारता नुसती पट्टी ठोकत गेल्या आणि उरलेलं 'घरी वाचून घ्या'. घरी आमची ताई म्हणाली, बाईंना विचार. झालं, पोरीने मोबाइल उघडला.

आणि फॅड कसलं, र. धों. कर्व्यांनी लैंगिक शिक्षणासाठी 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ ला काढलं, तेही मराठीत. अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकील डॉ. आंबेडकर. ज्यांच्या नावाच्या रस्त्याने तुम्ही डेक्कनला जाता त्या अण्णा कर्व्यांचेच हे चिरंजीव.

कुठली चित्रं कितवीला दाखवायची यावर भांडायला मी कधीही तयार आहे, कारण सातवीच्या पोराला जे दाखवायचं ते अकरावीचं नसणारच. पण 'घरी शिकवतील' म्हणताय तर तुमच्या घरी तुम्हाला कोणी, कितव्या वर्षी, काय सांगितलं होतं ते जरा लिहा की.